बर्फावरची पंगत

कुठलंही हॉटेल आधी मागच्या दारानं बघावं. पुढच्या दाराला मेन्यू लावलेला असतो. मागच्या दाराला खरकट्याचे डबे असतात, आणि त्या डब्यांशेजारी एक पोरगा दोन झुरके मारायला उभा असतो. मुंबईच्या हॉटेलांमागचे मोरीवाले आपण बघितलेत. आपल्यातले कितीतरी जण त्या मोरीतूनच वर आलेत. त्यामुळं मागचं दार बघायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. पाय आपोआप तिकडं वळतात.

पण मी आज ज्या मागच्या दाराबद्दल बोलणार आहे, ते मुंबईतलं नाही. ते आहे सेंट मॉरिट्झमधलं. स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडच्या ग्राउब्युन्डेन प्रांतात, एंगाडीन नावाच्या खोऱ्यात, १,८०० मीटर उंचीवर हे गाव आहे. खाली गोठलेलं तळं, वर स्कीच्या उतरणींचे पांढरे पट्टे आणि मधे हॉटेलंच हॉटेलं. १९२८ आणि १९४८ असं दोनदा इथं हिवाळी ऑलिम्पिक झालं. तळं गोठलं की त्या बर्फावर घोड्यांच्या शर्यती लागतात, पोलो खेळला जातो. आणि खेळून दमलेले, किंवा नुसते बघून दमलेले धनदांडगे मग जेवायला बसतात.

आता तुझ्या मनात आलंच असेल. आमच्या वस्तीत नळाला पाणी नाही, आणि हा गडी आल्प्समधल्या हॉटेलांच्या गप्पा मारतोय. थांब दोस्ता. पंगत कुठलीही असो, ती बघायचा हक्क सगळ्यात जास्त आपला आहे. पंगतीबाहेर बसून पंगत बघायचा जेवढा अनुभव आपल्या बापजाद्यांना होता, तेवढा जगात थोड्यांनाच असेल.

मी तिथं गेलो तो काही कुणा शेठचा पाहुणा म्हणून नाही. सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर झुरिकला शिकत होतो. वर्गातली गोरी पोरं शनिवार-रविवारी खांद्यावर स्की टाकून डोंगरात जायची आणि सोमवारी तिथल्या जेवणाची वर्णनं करायची. एका रविवारी म्हटलं, जाऊन तर बघू. सवलतीचं तिकीट काढलं. खूर शहरात गाडी बदलली आणि तांबड्या डब्यांच्या छोट्या गाडीत बसलो. ही गाडी दगडी पुलांवरून, बोगद्यांतून गोल गोल फिरत वर चढते. हा मार्ग १९०४ पासून सेंट मॉरिट्झपर्यंत जातो. बोगदे खणायला इटलीतले मजूर आणले होते. गाडीच्या खिडकीतून फोटो काढणाऱ्या एकाही माणसाला त्या मजुरांची आठवण होत नाही. माझ्या पिशवीत होती दुकानातली पावाची लादी, चीजचा तुकडा आणि दोन सफरचंदं.

तिकडची एक पद्धत चांगली. हॉटेलवाले मेन्यू दरांसकट बाहेर लावतात. आत जायची ऐपत नसेल तर बाहेर उभं राहून वाचता येतो. मी तेच केलं. त्या दिवशी गावातले मेन्यू एकामागून एक वाचत सुटलो. लोक देवळं बघत फिरतात, मी मेन्यू बघत फिरलो. एक फ्रँक म्हणजे तेव्हा आपले शंभराच्या आसपास रुपये होते. चीज वितळवून त्यात पावाचे तुकडे बुडवून खायचं ते फोंड्यू, माणशी चाळीस फ्रँकच्या वर. म्हणजे चार हजार रुपये. वितळलेलं चीज आणि शिळा पाव! त्यावर ट्रफल नावाची जमिनीखालची बुरशी किसून घातली की आकडा आणखी चढतो. कॅव्हियारचे, म्हणजे माशाच्या गाभोळीचे दर बघून तर मी मेन्यूला हात जोडले.

पण वाचता वाचता माझ्या डोक्यात वीज चमकली. या मेन्यूतलं निम्मं अन्न तर गरिबांचं आहे!

नीट बघा. सातूचं सूप. इथला डोंगरी शेतकरी हिवाळाभर सातू शिजवून प्यायचा, कारण गहू या उंचीवर धड पिकत नाही. कापुन्स, म्हणजे पिठाचे गोळे भाजीच्या पानात गुंडाळून शिजवलेले, आत वाळल्या मांसाचे चार कण. चार कण का? तर जास्त नव्हते म्हणून. फोंड्यू तर या खोऱ्यातलं नाहीच. ते पश्चिमेकडचं. वाळलेलं चीज आणि वाळलेला पाव फेकायचा नाही, म्हणून निघालेली युक्ती. १९३० नंतरच्या मंदीत चीज खपेना, तेव्हा सरकारी आशीर्वादाच्या चीज संघानं जाहिराती करकरून तेच देशाचं राष्ट्रीय जेवण करून टाकलं. आणि ब्युन्डनरफ्लाइश, म्हणजे मिठात आणि झाडपाल्यात मुरवून डोंगरी वाऱ्यावर कित्येक आठवडे वाळवलेलं गोमांस. बर्फानं वाटा बंद व्हायच्या, तेव्हा घरात काहीतरी असावं म्हणून केलेली बेगमी. आज ते कागदासारखं पातळ कापून लाकडी फळीवर फुलासारखं मांडतात.

हा प्रांत श्रीमंत नव्हता, दोस्तांनो. भुकेकंगाल होता. ग्राउब्युन्डेनच्या डोंगरातल्या गरीब घरांतली पोरं दर वसंतात बर्फातून चालत खिंडी ओलांडून जर्मनीत, स्वाबियाच्या प्रदेशात जायची. रावेन्सबुर्ग, फ्रीडरिक्सहाफेनच्या बाजारात त्यांना उभं करायचे. तिथले जमीनदार शेतकरी पोरं न्याहाळायचे, दंड चाचपायचे आणि शरद ऋतूपर्यंत राबायला घेऊन जायचे. सहा-सात वर्षांची पोरं! कशासाठी? तर घरातलं एक खाणारं तोंड कमी व्हावं म्हणून. विसावं शतक उजाडलं तरी हा बाजार भरत होता. त्या पोरांच्या आईनं ज्या सातूच्या पेजेतला पोराचा वाटा वाचवला, तीच पेज आज चांदीच्या चमच्यानं पितात.

मग हे गाव पालटलं कसं? गोष्ट अशी सांगतात. १८६४ साली योहानेस बाद्रुट नावाच्या हॉटेलमालकानं उन्हाळ्यातल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली. म्हणाला, हिवाळ्यात येऊन बघा, आवडलं नाही तर खर्च माझा. इंग्रज आले ते ईस्टरपर्यंत हललेच नाहीत. पैजेतलं खरं किती आणि हॉटेलवाल्यांनी फुगवलेलं किती, ते जाऊ द्या. पण त्यानंतर शेतकऱ्यासाठी जो बर्फ संकट होता, तो मालकासाठी सोनं झाला. १८९६ मध्ये बाद्रुट घराण्याचं राजवाड्यासारखं हॉटेल उघडलं. ते आजही तळ्याकडं तोंड करून उभं आहे.

त्याच हॉटेलच्या मालकीचं गावात एक जुनं घर आहे. नाव केझा वेल्या. तिथल्या रोमान्श भाषेत त्याचा अर्थ म्हातारं घर, जुनं घर. १६५८ सालचं शेतकऱ्याचं घर. जाड भिंती, लहान खिडक्या, खाली गुरं, वर गवत. आता त्यात गुरं नाहीत, रेस्टॉरंटं आहेत. त्यातल्या पिझ्झाच्या दालनाचं नाव आहे हॉयबोडेन. म्हणजे गवताचा माळा!

मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभा राहिलो. आमची आजी बीड जिल्ह्यातली. तिनं अर्धं आयुष्य पाटलाच्या गोठ्यामागं गवताच्या गंजीशेजारी काढलं. तिला जर सांगितलं, की आजी, असा एक गवताचा माळा आहे, तिथं जेवायला आधी जागा राखून ठेवावी लागते आणि आत कोट काढून घ्यायला माणूस असतो, तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. म्हणाली असती, येड्या, गवतात कुणी पैसं देऊन बसतं व्हय?

बसतं आजी. गवत आणि गुरं आणि ती माणसं बाहेर काढली, की मग बसतं.

हीच खरी मेख आहे. गरिबाचं अन्न महाग होतं, गरिबाचं घर महाग होतं, फक्त गरीब महाग होत नाही. त्याला आधी उठवतात, आणि त्याच्या जागेचं, त्याच्या चवीचं, त्याच्या चुलीच्या धुराच्या वासाचंसुद्धा भाडं वसूल करतात. त्या गावात घर घेणं आता तिथल्याच सामान्य माणसाला परवडत नाही. निम्म्याहून जास्त घरं ही बाहेरच्या श्रीमंतांची दुसरी घरं आहेत. वर्षातले काही आठवडे दिवे लागतात, बाकी कुलूप. देशभर हा प्रकार इतका माजला की २०१२ च्या मार्चमध्ये स्विस जनतेनं मतदान करून कायदा मागितला, की कुठल्याही गावात अशी दुसरी घरं वीस टक्क्यांच्या वर होऊ देऊ नका. पण जी आधीच झाली, ती झाली.

आता चला मागच्या दाराला.

एका मोठ्या हॉटेलच्या मागं, जिथं मालाची गाडी लागते, तिथं तो भेटला. नाव सांगत नाही. उत्तर पोर्तुगालमधला. चाळिशीचा. पांढरा ॲप्रन, रबरी बूट, हात पाण्यानं सुजलेले. तो हात मी लांबूनही ओळखला असता. माझ्या मामाचा असाच होता. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं जर्मन त्याहून मोडकं. पण मोरीवाल्यांची एक भाषा असते. मी खुणेनं विचारलं, किती वर्षं? त्यानं सगळी बोटं उघडली आणि पुन्हा दोन. बारा हिवाळे. पुढच्या दारानं किती वेळा जेवलास? तो हसला. त्या हसण्याला कुठल्याच भाषेत भाषांतर लागत नाही.

त्याच्यासारखी माणसं या गावाचा कणा आहेत. पोर्तुगीज आहेत, इटालियन आहेत. कित्येक इटालियन तर रोज सीमा ओलांडून येतात. वाल्तेलिनातून, कियावेन्नाहून मालोयाचा घाट चढून येतात आणि रात्री परत उतरतात. कारण ज्या गावात ते जेवण वाढतात, त्या गावात झोपणं त्यांना परवडत नाही.

आपल्याला खोटं बोलायचं नाही, म्हणून हेही सांगतो. त्यांची अवस्था आपल्या हॉटेलातल्या पोऱ्यासारखी नाही. हॉटेल कामगारांचा देशभराचा एक करार आहे. २०२४ मध्ये त्या करारानं काहीही न शिकलेल्या कामगाराचा महिन्याचा किमान पगार ३,६६६ फ्रँक ठरवला होता. हंगामी हॉटेलात आठवड्याला साडेत्रेचाळीस तास काम. हे कागदावर आहे आणि बऱ्याच अंशी पाळलंही जातं. आपल्याकडं कागदावरसुद्धा किती पोऱ्यांना असतं? पण त्या पगाराकडं बघून डोळे दिपवून घेऊ नका. मालकानं खोली आणि जेवण दिलं तर सरकारी दरानं महिन्याला ९९० फ्रँक कापून घेता येतात. आणि हंगाम संपला की काम संपलं. बर्फ वितळला की माणूस वितळला.

आणि हा करार काही मालकांच्या दयेतून आलेला नाही. त्याआधी काय होतं ते ऐका. १९३४ पासून स्वित्झर्लंडमध्ये हंगामी मजुराचा वेगळा परवाना होता. इटली, मग स्पेन, पोर्तुगाल, युगोस्लाव्हिया इथली माणसं जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठी यायची. रस्ते, धरणं, हॉटेलं बांधायची, भांडी घासायची आणि मुदत संपली की परत हाकलली जायची. सीमेवर उघडं करून त्यांची वैद्यकीय तपासणी व्हायची. जनावर बाजारात आणताना करतात तशी. मालक बदलायची मुभा नाही. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे बायकापोरं बरोबर आणायला बंदी. तरी काहींनी चोरून आणली. आई-बाप हॉटेलात राबायला गेले की ती पोरं दिवसभर बंद खोलीत, पडदे ओढून, आवाज न करता बसायची. दारावर थाप पडली तर कपाटात लपायची. म्हणून त्यांना नावच पडलं, कपाटातली मुलं. अशी हजारो मुलं वाढली. कधी? पुराणकाळात नव्हे. हा परवाना रद्द झाला २००२ साली, युरोपीय संघाबरोबर करार झाल्यावर.

विचार करा दोस्तांनो. खाली दालनात मेणबत्त्या, व्हायोलिन, फोंड्यूचं भांडं. आणि त्याच गावात एखाद्या पोटमाळ्यावर एक सहा वर्षांचं पोर श्वास रोखून कपाटात. त्याची आई खाली ताटं उचलतेय. ताटात उरलेलं खरकटं त्या पोराच्या रात्रीच्या जेवणाइतकं आहे. अस्पृश्यता म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तुझे हात हवेत, तुझी सावली नको. तुझं काम हवं, तुझं पोर नको. तिथं त्याला धर्माचा आधार नव्हता, मनूचा शिक्का नव्हता, जन्मभराची शिक्षा नव्हती, हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसणार नाही. तिथं परवाना रद्द करता आला. आपल्याकडं परवाना जन्माबरोबर मिळतो आणि मेल्यावरसुद्धा वेगळ्या मसणवट्यात घेऊन जातो. पण पंगत रचायची अक्कल जगभरच्या मालकांची एकच.

संध्याकाळी परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनात बाकावर बसलो होतो. शेजारी एक काका-काकू. डोक्याला माकडटोपी, पायाशी चिवड्याची पिशवी. मी फोनवर आईशी बोलत होतो ते ऐकून काका खूश.

"मराठी का? वा वा! कुठले?"

"चेंबूर."

"नाही, मूळचे?"

"बीडकडचे."

मग काका खुलले. पुण्याचे. मुलगा झुरिकला बँकेत. त्यानं ग्लेशियर एक्सप्रेसचं तिकीट काढून दिलं होतं. कालचं जेवण त्यांच्या जिभेवर अजून रेंगाळत होतं. म्हणाले, "काल ते वाइनबरोबर पातळ पातळ काप खाल्ले. काय ते ब्युन्डनर का काय. अहो काय चव! कागदासारखे काप हो!"

मी म्हणालो, "काका, ते गोमांस असतं."

काकूंनी चिवड्याची पिशवी उगीच नीट केली. काकांनी आवाज खाली आणला. "अहो, माहितेय. पण इथली गाय वेगळी. ती आपली गोमाता नव्हे. ही नुसती काऊ!"

"आणि आमची आजी बीडला खायची ती?"

काका गप्प. मग तो प्रश्न आला. आल्प्सच्या बर्फात, १,८०० मीटरवर, साता समुद्रापार आला.

"आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं. "असं होय," काका म्हणाले, आणि गाड्यांच्या वेळापत्रकाकडं बघायला लागले. जणू त्यांची गाडी माझ्या आडनावामुळंच चुकणार होती.

दिवसभर मी त्या श्रीमंतांच्या गावात मेन्यू वाचत फिरलो. कुणी मला आडनाव विचारलं नाही. खिसा विचारला असता, आणि खिसा नव्हता म्हणून मी बाहेर होतो. ती एक भिंत. पण दुसरी भिंत आपले लोक सुटकेसमध्ये घालून सगळीकडं घेऊन जातात. चिवड्याच्या पिशवीशेजारी ठेवतात.

आता आजीचं सांगतो. ब्युन्डनरफ्लाइश ती रोज करायची. फक्त त्याला नाव होतं चान्या. मांसाच्या पट्ट्या कापायच्या, मीठ लावायचं, दोरीवर उन्हात वाळवायच्या, गाडग्यात भरून ठेवायच्या. पावसाळ्यात काम नसे, घरात दाणा नसे, तेव्हा त्या चान्या निखाऱ्यावर भाजायच्या नाहीतर कालवणात टाकायच्या. कृती तीच, गरज तीच. त्यांना बर्फाचे महिने काढायचे होते, आम्हाला पावसाचे. फरक एवढाच, की त्यांच्या दोरीवरचं मांस बघून कुणी त्यांना गावाबाहेर काढलं नाही. आमच्या दोरीवरचं मांस हीच आमच्या वस्तीची खूण होती. वाऱ्याबरोबर वास गेला की गावाला कळायचं, महारवाडा कुठल्या दिशेला.

आज त्या स्विस मांसाला कायद्याचं संरक्षण आहे. ग्राउब्युन्डेनमध्ये वाळवलेलं असेल तरच ते नाव लावता येतं. कच्चं मांस मात्र ब्राझीलसारख्या दूरदेशातून आणलेलंही चालतं. आणि आपल्याकडं? गायीची कत्तल महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं आधीच बंद होती. २०१५ च्या मार्चमध्ये बैल आणि वळूही त्यात आले. कापला तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. मग २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं राज्याबाहेर कापलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हणजे बाहेरून आणायची ऐपत असेल त्यानं खावं! ज्याच्या दारात म्हातारा बैल उभा आहे, त्यानं त्याला वैरण घालत बसावं आणि स्वतः उपाशी राहावं. काकांची काऊ आणि आजीची गाय यांतला फरक बघा कायद्यात कसा अचूक उतरला!

इथं आपल्यातल्या काही तरण्या पोरांना एक सांगायचंय. हल्ली मोठ्या शहरात एक टूम आहे. गावरान थाळी, चुलीवरचं मटण, झुणका-भाकर तारांकित हॉटेलात. आपल्या जेवणावर पुस्तकंही आली. शाहू पाटोळ्यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीची नोंद केली. ते मोलाचं काम, कारण ते आपण, आपल्या हातानं, आपल्या नावानं लिहिलं. पण उद्या एखादा हॉटेलवाला लाकडी फळीवर चान्या मांडेल, शेजारी कोथिंबिरीचं पान खोवेल आणि दोन हजार रुपये लावेल. त्या दिवशी आपल्यातलेच काही टाळ्या वाजवतील. बघा, आपल्या अन्नाला मान मिळाला!

टाळ्या वाजवण्याआधी सेंट मॉरिट्झ आठवा. सातूच्या पेजेला मान मिळाला, स्वाबियाच्या बाजारात उभ्या राहिलेल्या पोराला नाही मिळाला. गवताच्या माळ्याला मान मिळाला, गवत वाहणारीला नाही.

आणि चान्यांचं गाणं गायच्या आधी बाबासाहेबही आठवा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना काय सांगितलं? मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळेतुकडे मागणं सोडा. कशासाठी? मांस अपवित्र म्हणून? ती भटांची भाषा. बाबासाहेबांचा प्रश्न पोटाचा आणि मानाचा होता. मेलेलं ढोर ओढायची सक्ती, आणि त्या सक्तीची मजुरी म्हणून तेच मांस. ते जेवण नव्हतं, तो गुलामीचा करार होता. तो करार फाडा, असं ते सांगत होते. पुढं १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा सांधा उलगडून दाखवला, की ब्राह्मणांनी गोमांस सोडलं, गाय पवित्र केली, आणि जे खात राहिले त्यांना अस्पृश्य ठरवलं. योगायोग बघा, त्याच साली सेंट मॉरिट्झला दुसरं ऑलिम्पिक भरलं होतं आणि पाहुण्यांची ताटं हंगामी परवान्यावरचे मजूर उचलत होते.

तेव्हा आजीच्या चान्या या अभिमानाचा झेंडाही नाहीत आणि शरमेची गोष्टही नाहीत. तो पुरावा आहे. भुकेचा पुरावा, आणि भुकेवर मात करणाऱ्या बाईच्या हुशारीचा पुरावा. पुरावा हॉटेलच्या मेन्यूत लावायचा नसतो. तो व्यवस्थेच्या तोंडावर फेकायचा असतो.

मग आपली मागणी काय? केझा वेल्यात आपल्याला एक खुर्ची? मिळालीच तर बसू, लाजणार नाही. पैसे मोजून, मांडी ठोकून बसू. पण एका खुर्चीनं पंगत बदलत नाही. आपल्यातला एक आत गेला आणि बाकीचे मोरीतच राहिले, तर आत गेलेला फक्त पाठीला पाठ लावून बसतो. मोरीकडं पाठ करून.

म्हणून कुठल्याही हॉटेलात जाल, चेंबूरच्या किंवा आल्प्सच्या, तर तीन प्रश्न विचारा. हे अन्न कुणाच्या भुकेतून आलं? ते रांधणारा आणि भांडी घासणारा आज कुठं जेवला, कुठं झोपला, त्याची पोरं कुठं आहेत? आणि हे अन्न ज्याचं होतं, त्याला आज या दारातून आत घेतात का?

तिन्हींची उत्तरं मिळाली तर घास घशाखाली उतरवा. नाही मिळाली, तर उठा आणि मागच्या दाराला या.

तो बारा हिवाळ्यांचा पोर्तुगीज गडी मला निघताना म्हणाला होता, थांब. आत गेला आणि कागदात गुंडाळून काहीतरी घेऊन आला. पावाची जाड लादी, त्यात चार पातळ काप. त्याच्या स्वतःच्या जेवणातले. आम्ही दोघांनी खरकट्याच्या डब्याशेजारी उभं राहून अर्धं अर्धं खाल्लं. फळी नव्हती, कोथिंबीर नव्हती, आडनाव नव्हतं. सेंट मॉरिट्झमध्ये त्या दिवशी मी एकाच ठिकाणी जेवलो, आणि तिथं ताटाला जात नव्हती.